जंतू एकच, देह निरनिराळे : प्रस्तावना

१९१८ सालच्या इन्फ्लुएन्झाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. मुंबई इलाखा त्यात सर्वांत होरपळलेल्या प्रांतांपैकी एक होता. इकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात ती मानमोडीची साथ म्हणून राहिली. त्या साथीच्या मृत्युनोंदींत एक विलक्षण विसंगती आहे. अमेरिकेत या विषाणूने स्त्रियांपेक्षा पुरुष जास्त मारले. हिंदुस्थानात स्त्रिया जास्त मेल्या. १९२१च्या जनगणनेचा अहवाल लिहिणारे जे. टी. मार्टन यांनी त्याचे कारण साध्या शब्दांत नोंदवले आहे : घरची रोजची कामे बाईवर होतीच, शिवाय स्वतः आजारी असतानाही घरातल्या इतर आजाऱ्यांची शुश्रूषा तिलाच करावी लागली.

विषाणू एकच होता. फुप्फुसे, रक्त, पांढऱ्या पेशी या गोष्टीही देशागणिक बदलत नाहीत. तरी मृत्यूचे पारडे एकीकडे पुरुषांच्या बाजूने झुकले, दुसरीकडे स्त्रियांच्या. तीव्र जंतुसंसर्गात स्त्रीचा आणि पुरुषाचा देह वेगळा वागतो का, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्याला या दोन्ही नोंदी समोर ठेवाव्या लागतात. पहिलीत देहाचा स्वभाव बराचसा दिसतो, दुसरीत त्या देहाला मिळालेले आयुष्य दिसते. गुणसूत्रे, संप्रेरके आणि जननेंद्रिये यांनी ठरते ते लिंग. समाजाने त्या देहाला नेमून दिलेली कामे, मुभा आणि बंधने म्हणजे लिंगभाव. या पुस्तकाचा विषय मुख्यतः पहिला आहे. पण दुसरा वगळून पहिल्याविषयी खरे बोलता येत नाही, हे माझे ठाम मत आहे आणि ते प्रत्येक प्रकरणात वाचकाला भेटेल.

तीव्र जंतुसंसर्ग म्हणजे नेमके काय, ते आधी सांगायला हवे. आयसीयूच्या बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक एकमेकांना सांगतात, ‘इन्फेक्शन रक्तात गेलंय.’ ते खोटे नसते, पण अपुरे असते. पुष्कळ रुग्णांच्या रक्ताच्या तपासणीत एकही जंतू उगवत नाही आणि तरी माणूस हातचा जातो. सेप्सिसची आज वापरात असलेली व्याख्या २०१६ साली ठरली. तिच्यानुसार, संसर्गाला शरीर जो प्रतिसाद देते तो बेताल होऊन अवयव निकामी होऊ लागणे आणि जिवावर बेतणे म्हणजे सेप्सिस. जंतूंना मारण्यासाठी पेशी जी रसायने सोडतात त्यांनीच रक्तवाहिन्यांची अस्तरे सैल पडतात, त्यातून पाणी झिरपते, रक्तदाब कोसळतो, बारीक वाहिन्यांत गुठळ्या होतात, मूत्रपिंड लघवी तयार करेनासे होते, फुप्फुसात पाणी भरते. याच्या जोडीने किंवा पाठोपाठ उलटे घडते. प्रतिकार करणाऱ्या पेशी थकतात, मरतात, आणि शरीर एखाद्या किरकोळ जंतूपुढेही निष्प्रभ होते. २०१७ या एका वर्षात जगभरात सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि त्यातले १ कोटी १० लाख दगावले, असा अंदाज २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. जगातल्या दर पाच मृत्यूंपैकी जवळपास एक.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती चांगली असली की झाले’ हे जाहिरातीतले वाक्य या आजारापुरते तरी बाजूला ठेवावे लागते. कमी प्रतिकार मारतो, अतिप्रतिकारही मारतो. योग्य वेळी भडकणे आणि योग्य वेळी विझणे, यावर माणूस वाचणे अवलंबून असते. आणि भडकण्या-विझण्याच्या याच वेळापत्रकावर लिंगाचा ठसा दिसतो.

तो पहिल्यांदा स्पष्ट दिसला प्रयोगशाळेतल्या उंदरांत. इर्शाद चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेत केलेली प्रयोगमालिका या क्षेत्राचा पाया मानली जाते. उंदराचे पोट उघडून आतड्याच्या एका भागाला गाठ मारायची आणि सुईने भोक पाडायचे. आतड्यातले जंतू पोटात पसरतात आणि माणसाला अपेंडिक्स फुटल्यावर होतो तसा सेप्सिस होतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात, चक्राच्या ज्या टप्प्यात इस्ट्रोजेन वर असते त्या टप्प्यातल्या माद्या नरांपेक्षा अधिक संख्येने जगल्या आणि त्यांच्या प्लीहेतल्या पेशींचे कामही टिकून राहिले. मोठ्या रक्तस्रावानंतर नरांची प्रतिकारयंत्रणा दबते. पण आधीच खच्ची केलेल्या नरांत ती दबली नाही. टेस्टोस्टेरॉनला अडवणारे औषध दिल्यावरही असाच फायदा दिसला. निष्कर्ष जवळजवळ हातात आल्यासारखा वाटत होता : स्त्रीसंप्रेरक तारते, पुरुषसंप्रेरक मारते.

माणसांच्या आकडेवारीने त्या निष्कर्षाला साथ दिली, पण अर्धीच. अमेरिकेतल्या १९७९ ते २००० या काळातल्या रुग्णालयीन नोंदींचा मोठा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात पुरुषांना सेप्सिस होण्याचे प्रमाण स्त्रियांच्या १.२८ पट निघाले. पुढे मात्र गुंता सुरू होतो. एकदा सेप्सिस झाल्यावर कोण जास्त दगावते, याची उत्तरे एकमेकांशी जुळत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरच्या सेप्सिसच्या एका जर्मन अभ्यासात स्त्रिया जास्त वाचल्या, अमेरिकेतल्या अनेक आयसीयूंच्या २०१० सालच्या अभ्यासात स्त्रियांचे मृत्यू किंचित जास्त निघाले, आणि कित्येक अभ्यासांत फरकच दिसला नाही. २०१७च्या जागतिक अंदाजात तर सेप्सिस होण्याचा दर स्त्रियांत जास्त आणि मृत्युदर पुरुषांत जास्त आहे. स्त्रियांच्या बाजूला बाळंतपणातला सेप्सिस मोजला जातो हेही तिथे लक्षात ठेवावे लागते.

हा गोंधळ मला निराशाजनक वाटत नाही. तो फार शिकवणारा आहे. प्रयोगातले उंदीर तरुण असतात, एकाच वंशाचे असतात, एकाच तासाला एकाच प्रकारे आजारी पाडलेले असतात. आयसीयूतली माणसे बहुतेक साठीच्या पुढची. त्या वयात स्त्रीची पाळी जाऊन बरीच वर्षे झालेली असतात, अंडाशयातले इस्ट्रोजेन जवळपास संपलेले असते. शिवाय संसर्गाची जागा वेगळी असते. स्त्रियांत सेप्सिस मूत्रमार्गातून सुरू होण्याचे प्रमाण जास्त, पुरुषांत फुप्फुसातून. आणि मूत्रमार्गाचा सेप्सिस न्यूमोनियाच्या सेप्सिसपेक्षा बरा होण्याची शक्यता अधिक. पुरुषांत तंबाखू आणि दारू जास्त. हे सारे एकाच टोपलीत घालून ‘स्त्री की पुरुष’ असा प्रश्न विचारला, तर उत्तर अभ्यासागणिक बदलणारच. त्यातही एक उलटी गोष्ट आढळली : अतिगंभीर शस्त्रक्रिया-रुग्णांत ज्यांच्या रक्तातली इस्ट्राडायॉल या इस्ट्रोजेनची पातळी सर्वांत वर गेली होती त्यांचे मृत्यू जास्त झाले, पुरुष आणि स्त्रिया दोघांतही. तीव्र आजारात शरीरातली चरबी आणि इतर ऊती पुरुषसंप्रेरकाचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये करू लागतात. तेव्हा हे वाढलेले इस्ट्रोजेन औषधासारखे काम करत होते की आजार किती खोल गेला त्याची खूण होती, हे त्या आकड्यावरून ठरत नाही. संप्रेरक तारक की मारक, असा सरळ हिशेब इथे मांडता येत नाही.

संप्रेरकांपेक्षा भक्कम पुरावा गुणसूत्रांत सापडला आहे, आणि पुस्तकाचा सर्वांत मोठा भाग त्याला दिला आहे. स्त्रीच्या पेशीत दोन एक्स गुणसूत्रे, पुरुषाच्या पेशीत एक एक्स आणि एक वाय. एक्सवर आठशेच्या वर जनुके आहेत आणि त्यांत प्रतिकारयंत्रणेची कळीची जनुके बरीच आहेत. मेरी लायन यांनी १९६१ साली मांडले की मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गप्प केले जाते, आणि कोणते गप्प होणार हे पेशीगणिक योगायोगाने ठरते. म्हणजे स्त्रीचे शरीर दोन प्रकारच्या पेशींचे मिश्रण असते : काहींत आईकडचे एक्स चालू, काहींत वडिलांकडचे. दोन वाणांचे बियाणे मिसळून पेरलेल्या शेतात एका वाणावर कीड पडली तरी दुसरे उभे राहते, तसे हे आहे. पुरुषाचे शेत एकाच वाणाचे. आईकडून आलेल्या एकुलत्या एक एक्सवर दोष असला, की तो झाकायला दुसरे काही नाही.

याचे जुने उदाहरण १९५२चे आहे. ऑग्डेन ब्रूटन या अमेरिकी लष्करी डॉक्टरांकडे आठ वर्षांचा एक मुलगा होता. न्यूमोकॉकस जंतूचा संसर्ग त्याच्या रक्तात पुन्हा पुन्हा होत होता. ब्रूटन यांनी त्याच्या रक्तातली प्रथिने तपासली तेव्हा प्रतिपिंडे ज्या भागात दिसतात तो भागच रिकामा होता. हा आजार जवळजवळ फक्त मुलग्यांनाच होतो, कारण त्याला जबाबदार असलेले जनुक एक्सवर आहे. ते नेमके कोणते, हे १९९३ साली कळले.

नवे उदाहरण आपल्या सगळ्यांच्या आठवणीतल्या काळातले. २०२०च्या वसंतात नेदरलँड्समध्ये दोन कुटुंबांतले चार तरुण, आधी ठणठणीत असलेले, कोव्हिडने व्हेंटिलेटरवर गेले. त्यांतला एक दगावला. चौघांत टीएलआर-७ या जनुकाचे काम बंद पडले होते. या जनुकापासून बनणारे प्रथिन विषाणूचा आरएनए ओळखते आणि इंटरफेरॉन हे विषाणूला रोखणारे रसायन सोडण्याचा पहिला इशारा देते. हे जनुकही एक्सवरच आहे. आणखी एक बारकावा म्हणजे स्त्रीच्या पेशीत दुसरे एक्स गप्प झाल्यावरही त्याच्यावरची काही जनुके पूर्ण गप्प होत नाहीत आणि टीएलआर-७ हे त्यांतले एक. त्यामुळे स्त्रीच्या काही प्रतिकारपेशींत या पहारेकऱ्याचे प्रमाण जास्त असते. विषाणू आला तर हा लाभ आहे. पण हाच पहारेकरी स्वतःच्या आरएनएवर भुंकू लागला, तर ल्यूपससारखा आजार होतो. ल्यूपसच्या दर दहा रुग्णांत नऊ स्त्रिया असतात. दोन एक्स आणि एक वाय घेऊन जन्मलेल्या पुरुषांत ल्यूपसचे प्रमाण एकच एक्स असलेल्या पुरुषांच्या कित्येक पट दिसते, यावरून दुसऱ्या एक्सचा हात किती लांब आहे ते कळते. स्त्रीच्या प्रतिकारयंत्रणेला निसर्गाने दिलेले झुकते माप फुकट मिळालेले नाही.

याच साथीत पॅरिस आणि न्यू यॉर्क इथल्या संशोधकांनी अतिगंभीर कोव्हिडच्या ९८७ रुग्णांचे रक्त तपासले. त्यांतल्या १०१ जणांच्या रक्तात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडे होती आणि त्या १०१ पैकी ९५ पुरुष होते. स्वतःविरुद्धची प्रतिपिंडे म्हणजे बायकांचा आजार, अशी वैद्यकातली समजूत होती. इथे तिला जबरदस्त अपवाद सापडला.

गुणसूत्र आणि संप्रेरक यांना वेगळे करून पाहायचे कसे, हा प्रश्न वर्षानुवर्षे अडून राहिला होता, कारण माणसात ते सहसा जोडीनेच येतात. स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या संशोधकांना त्याचा मार्ग २३ ट्रान्स पुरुषांच्या सहकार्याने मिळाला. या सगळ्यांची गुणसूत्रे एक्स-एक्स. उपचार म्हणून त्यांनी टेस्टोस्टेरॉन सुरू केले. २०२४ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या या अभ्यासात त्यांचा इंटरफेरॉनचा प्रतिसाद उपचारानंतर मंदावला आणि टीएनएफसारख्या दाह वाढवणाऱ्या रसायनांचा प्रतिसाद वाढला. गुणसूत्रे जिथल्या तिथे राहून नुसत्या संप्रेरकाने यंत्रणेचा कल बदलला. तृतीयपंथी आणि ट्रान्स व्यक्तींना आपल्याकडच्या वैद्यकाने एरवी दारातच अडवले आहे. सर्व माणसांच्या प्रतिकाराविषयीचे एक मोठे कोडे त्यांच्यापैकी काहींच्या मदतीने उलगडू लागले, याची कृतज्ञ नोंद मी इथे करतो.

तरी याचा अर्थ संप्रेरके बदलून सेप्सिस बरा करता येईल असा होत नाही. कोव्हिडमध्ये पुरुषसंप्रेरक रोखणारी औषधे रुग्णांना देऊन पाहिली गेली. स्वीडनमध्ये एन्झाल्युटामाइडची आणि अमेरिकेत माजी सैनिकांवर डेगारेलिक्सची चाचणी झाली. दोन्हींत लाभ दिसला नाही.

लसीच्या बाबतीतला फरक जास्त सरळ आहे आणि त्याच्याकडे दुर्लक्षही जास्त झाले आहे. इन्फ्लुएन्झाच्या लसीचा अर्धा डोस घेतलेल्या स्त्रियांत तयार झालेली प्रतिपिंडे पूर्ण डोस घेतलेल्या पुरुषांच्या तोडीस तोड होती, असे २००८ साली अमेरिकेत दिसले. पण माझ्या मनातून जात नाही ते उदाहरण गोवराच्या लसीचे आहे. १९८०च्या दशकात लहान बाळांना लवकर संरक्षण मिळावे म्हणून गोवराच्या लसीची जादा ताकदीची आवृत्ती सहा महिन्यांच्या वयात देण्याचा प्रयोग झाला आणि १९८९ साली जागतिक आरोग्य संघटनेने जोखमीच्या प्रदेशांसाठी तिची शिफारसही केली. पश्चिम आफ्रिकेतल्या गिनी-बिसाउ आणि सेनेगलमध्ये संशोधक मुलांवर पुढची कित्येक वर्षे लक्ष ठेवून होते. गिनी-बिसाउमध्ये पीटर आबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलींचे आणि मुलग्यांचे आकडे वेगळे मांडले, तेव्हा कळले की लसीने गोवर तर अडवला होता, पण ती घेतलेल्या मुलींचे इतर कारणांनी होणारे मृत्यू वाढले होते. मुलग्यांत तसे झाले नव्हते. १९९२ साली ही जादा ताकदीची लस मागे घेण्यात आली. आज आपल्या बाळांना मिळते ती गोवराची लस ही नव्हे. ती जीव वाचवते आणि ती वेळेवर द्यायलाच हवी. मला सांगायचे आहे ते मोजण्याविषयी. मुली आणि मुलगे यांची बेरीज करून सरासरी काढली असती, तर त्या मुलींचे मृत्यू आकड्यांत विरघळून गेले असते.

आता गरोदरपण. या टप्प्यावर लिंगाचा प्रश्न सर्वांत तीव्र होतो, आणि त्याचा एक अस्सल धडा भारतातून जगाला मिळाला आहे. १९७८ साली काश्मीर खोऱ्यात काविळीची मोठी साथ आली. डॉ. मोहम्मद सुल्तान खुरू यांनी घरोघर जाऊन रुग्ण मोजले. काविळीचे ज्ञात विषाणू तपासणीत सापडेनात. पुढे हा हिपॅटायटिस-ई म्हणून ओळखला गेला. पाण्यातून पसरणारा हा आजार बहुतेकांना काही आठवड्यांत सोडून जातो. पण खुरूंच्या नोंदींत बाधित गरोदर स्त्रियांपैकी पाचांत एकीहून जास्त जणींचे यकृत झपाट्याने निकामी झाले. त्याच गावांतल्या, तेच पाणी प्यालेल्या, गरोदर नसलेल्या स्त्रियांत असे एकीचेही झाले नाही. पुरुषांत ते तुरळक होते. स्त्रीत्वाने या बायकांना तारलेही नाही आणि मारलेही नाही. मारले ते त्या नऊ महिन्यांच्या विशिष्ट अवस्थेने. गर्भ हा आईच्या प्रतिकारयंत्रणेसाठी अर्धा परका असतो. त्याला सांभाळण्यासाठी ती यंत्रणा आपला कल बदलते, आणि काही जंतूंपुढे तो बदल महागात पडतो. १९१८च्या आणि २००९च्या इन्फ्लुएन्झातही गरोदर बायकांची अवस्था जास्त बिघडली. म्हणून ‘स्त्री’ हा रकाना एक धरून चालत नाही. बारा वर्षांची मुलगी, सात महिन्यांची गरोदर, ओली बाळंतीण आणि सत्तरीची आजी यांचे देह जंतूला चार प्रकारे सामोरे जातात. पुरुषांतही तेच : जन्मतः मुलगे मुलींपेक्षा नाजूक असतात, नवजात अर्भकांतला सेप्सिस मुलग्यांत अधिक दिसतो, आणि साठीनंतर पुरुषाची प्रतिकारयंत्रणा स्त्रीच्या आधी थकू लागते.

इथवर देहाविषयी झाले. आयसीयूत पोचल्यावर त्या देहाला जे मोजमाप लावले जाते तेही निर्लेप नाही, आणि हा भाग डॉक्टर वाचकांनी सावकाश वाचावा. सेप्सिसची तीव्रता ठरवणाऱ्या सोफा गुणांकात मूत्रपिंडासाठी क्रिएटिनीन पाहतात आणि १.२ हा उंबरठा स्त्री-पुरुषांना सारखाच आहे. क्रिएटिनीन स्नायूंतून येते. चाळीस किलोच्या, स्नायू झिजलेल्या बाईचे क्रिएटिनीन १.१ आले तर कागदावर गुण शून्य. प्रत्यक्षात तिच्या मूत्रपिंडाचे काम निम्म्यावर आलेले असू शकते.

व्हेंटिलेटरचे तसेच. २०००च्या प्रसिद्ध अमेरिकी चाचणीने दाखवले की फुप्फुसे सुजलेल्या रुग्णाला दर श्वासाला कमी हवा दिली, तर मृत्यू ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येतात. हवेचे हे माप वजनकाट्यावरच्या वजनावरून नाही, उंची आणि लिंग यांवरून काढलेल्या अपेक्षित वजनावरून ठरते : त्या वजनाच्या दर किलोला सहा मिलिलिटर. पाच फूट सात-आठ इंचांच्या पुरुषाला ते साधारण चारशे मिलिलिटर येते, १५० सेंटिमीटर उंचीच्या बाईला फक्त २६० च्या आसपास. खाटेवर आडव्या पडलेल्या रुग्णाची उंची टेपने न मोजता नजरेने ठरवली आणि यंत्रावर सवयीचे चारशे-साडेचारशे लावले, तर त्या बाईच्या फुप्फुसात दीडपटीहून जास्त हवा कोंबली जाते. अनेक देशांतल्या आयसीयूंच्या एका मोठ्या पाहणीत हेच दिसले : फुप्फुसांना जपणारे व्हेंटिलेशन स्त्रियांना कमी वेळा मिळाले. यावर उपाय एका मोजपट्टीचा आहे. अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये आकस्मिक विभागांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सेप्सिस झालेल्या स्त्रियांना अँटिबायोटिकचा पहिला डोस मिळायलाही पुरुषांपेक्षा जास्त वेळ लागत असल्याचे आढळले. तिथे घरच्यांच्या परवानगीची अडचण नव्हती. तिच्या तक्रारीचे गांभीर्य ओळखायला उशीर झाला, असाच त्याचा अर्थ मला लागतो.

आपल्याकडे त्याआधी घराचा उंबरठा लागतो. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि १९८९ साली ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, त्यांत जननमार्गाच्या संसर्गांचे प्रमाण मोठे होते, आणि त्याआधी कधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात आठ. अंगावरून जाणे, ओटीपोटात कळ येणे, लघवीला जळजळणे ही सारी दुखणी बायका अंगावर काढत होत्या. शहरातल्याही काढतात. या लहान संसर्गांतले बहुतेक तिथेच थांबतात. जे थांबत नाहीत ते मूत्रपिंडात, गर्भाशयात, पोटात चढतात, आणि बाई रुग्णालयात पोचते तेव्हा तिचा रक्तदाब लागत नसतो. तिच्या दोन एक्स गुणसूत्रांनी दिलेला सगळा लाभ त्या चार-पाच दिवसांत खर्ची पडलेला असतो.

कोव्हिडमध्येही हे दिसले. जगभरात संसर्ग दोघांना जवळपास सारखा झाला, पण आयसीयूत जाण्याची शक्यता पुरुषांत तिपटीच्या घरात होती आणि मृत्यूचीही जास्त. भारतातही एकूण मृतांत पुरुषच जास्त होते. पण २० मे २०२०पर्यंतच्या भारतीय आकडेवारीच्या एका अभ्यासात, नोंद झालेल्या बाधितांपैकी दगावण्याचे प्रमाण स्त्रियांत ३.३ टक्के आणि पुरुषांत २.९ टक्के निघाले. सुरुवातीचे आकडे कच्चे असतात हे मान्य. तरी ज्या देशात बाईची चाचणीच कमी होते आणि होते तेव्हा उशिरा होते, तिथे ती नोंदीत येते ती आजार वाढल्यावर, हे लक्षात घेतल्याशिवाय हा उलटा आकडा वाचता येणार नाही.

पुरुषांचे नुकसान यात झाकले जाऊ नये. तापात कामावर जाणे, छातीत कफ भरला असताना विडी ओढत राहणे, डॉक्टरकडे जाणे कमीपणाचे मानणे, याने पुरुष मरतात. त्यांच्या देहात मुळातच कमी राखीव बळ असते, हे कळल्यावर तरी घरच्यांनी आणि डॉक्टरांनी पुरुषाच्या न्यूमोनियाकडे अधिक लवकर पाहायला हवे. ‘गडी माणूस आहे, निभावेल’ हे वाक्य प्रतिकारशास्त्राच्या दृष्टीने साफ उलटे आहे.

संशोधनाने या विषयाची फार काळ उपेक्षा केली. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने १९७७ साली मूल होऊ शकणाऱ्या वयातल्या स्त्रियांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांपासून दूर ठेवायला सांगितले. ते धोरण १९९३ साली बदलले. प्रयोगातले प्राणी वर्षानुवर्षे प्रामुख्याने नर राहिले, आणि प्रतिकारशास्त्राच्या कित्येक शोधनिबंधांत प्राणी नर होते की माद्या हेही लिहिलेले नसे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने लिंग हा जैविक घटक म्हणून विचारात घेणे सक्तीचे केले ते २०१६ साली. सेप्सिसवर ज्या औषधाने सर्वांत जास्त आशा लावली होती ते सक्रिय प्रोटीन-सी २००१ साली मान्य झाले आणि पुढच्या चाचणीत उपयोगी न ठरल्याने २०११ साली बाजारातून गेले. तशी डझनावारी औषधे पडली. त्यामागे कारणे अनेक आहेत. पण वय, लिंग आणि संसर्गाची जागा वेगवेगळी असलेल्या माणसांना एका सरासरीत कोंबण्याची सवय हे त्यांतले एक आहे, असे मी मानतो.

पुढची प्रकरणे डॉक्टर, परिचारिका, वैद्यकाचे विद्यार्थी आणि कुतूहल असलेला कोणीही वाचक यांच्यासाठी आहेत. एक्स गुणसूत्राचे प्रकरण कठीण वाटले तर ते सोडून गरोदरपणाच्या प्रकरणाकडे गेलात तरी धागा तुटणार नाही. डॉक्टरांना माझी विनंती आहे की आपल्या रुग्णालयातले सेप्सिसचे आकडे स्त्री-पुरुष वेगळे मांडा, वयाचे टप्पे पाडा, आणि व्हेंटिलेटर लावण्याआधी उंची मोजा. आणि घरोघरच्या वाचकांना विनंती ही : ताप आलेले माणूस असंबद्ध बोलू लागले, त्याला धाप लागली, हातपाय गार पडले, लघवी कमी झाली किंवा ते उठवूनही नीट जागे होईना, तर सकाळची वाट पाहू नका. ते माणूस घरातली सून असो, बाळंतीण असो, आजी असो की कधी आजारी न पडणारा कर्ता पुरुष असो, त्याच तासाला रुग्णालयात न्या आणि तिथल्या डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारा, ‘हा सेप्सिस असू शकतो का?’